तीन क्षेत्रं फिरलेली बाई: अनुभवी की धरसोड करणारी?

तापीकाठची: माझी मावसबहीण जळगावची. आधी एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात, मग कपड्यांच्या मोठ्या दुकानात खरेदी सांभाळली. आता स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्या पुण्याच्या एका फंडाने बोलावलंय. काका म्हणतात, "पोरीचं एका जागी बूड टेकत नाही." मी त्यांना अमेरिकेतल्या आयलीन लीचं उदाहरण दिलं. गॅप या कपड्यांच्या कंपनीत काम, १९९९ मध्ये क्लायनर पर्किन्स या व्हेंचर कॅपिटल, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या कंपनीत, मधे आरएमजी नेटवर्क्स या डिजिटल मीडिया कंपनीची पहिली सीईओ आणि २०१२ मध्ये स्वतःचा काउबॉय व्हेंचर्स फंड. ही धरसोड म्हणायची का?

सराफकट्टा: ताई, एमआयटीची पदवी आणि हार्वर्डचं एमबीए सांगायचं राहिलं की! त्या पाटीवर कुठलंही दार उघडतं. आपल्या पोरीच्या बायोडाटावर तीन नोकऱ्या दिसल्या की पहिला प्रश्न, "आधीची का सोडली?" शिवाय ली बाई क्लायनरमध्ये दहा वर्षांवर टिकल्या. तुमचं उदाहरण काकांच्याच बाजूचं आहे.

फुले मार्केटवाली: दुकानात काय शिकायला मिळतं ते गल्ल्यावर बसल्याशिवाय कळत नाही, दादा. रावेर-यावलकडचं गिऱ्हाईक केळीचे पैसे हातात पडले की बस्ता बांधायला येतं. आहेराच्या साड्या भाव बघून उचलतात, नवरीच्या शालूला मात्र भाव नंतर, आधी रंग. हंगाम संपल्यावर परत आलेला माल मोजला की खरा धंदा किती झाला ते समजतं. उद्या ऑनलाइन कपडे विकणारी कंपनी फंडाकडे पैसे मागायला आली, तर ही पोरगी आधी परत आलेल्या मालाचा आकडा मागेल. नुसतं एमबीए केलेला विक्रीचा आलेख बघत बसेल.

भुसावळकर: पटलं. आणि फाल्गुनी नायर उलट्या दिशेने गेल्याच ना? कोटक महिंद्रातलं इन्व्हेस्टमेंट बँकिंग सोडून २०१२ मध्ये, पन्नाशीच्या तोंडावर, नायका ही सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी कंपनी काढली. तेव्हा कोणी बूड मोजलं नाही भो.

सराफकट्टा: यशस्वी झाल्यावर कोण मोजतं? माझा मुद्दा वेगळा. दुकानात अंदाज चुकला तर एक गठ्ठा पडून राहतो. असा फंड साधारण १० वर्षांचा असतो, त्यातल्या बऱ्याच कंपन्या बुडतात. चौथ्या वर्षी ही उठून गेली, तर ज्या पोरांना पैसे दिले त्यांच्या मिटिंगला कोण बसणार?

धुळ्याची लेक: पुरुष बदलला की "अनुभव घेतोय", बाई बदलली की धरसोड! आमच्याकडे बदली नवऱ्याची होते, राजीनामा बायकोचा जातो. तो बायोडाटावर कुठे लिहायचा? फंडांत निर्णय घेणाऱ्या बायका कमी, म्हणून तर लींनी इतर गुंतवणूकदार बायकांबरोबर २०१८ मध्ये ऑल रेझ ही संस्था उभी केली.

तापीकाठची: हे सगळं काकांना वाचून दाखवणार, धुळ्याच्या ताईंचं तर दोनदा. पण सराफदादा, १० वर्षांचं आमच्या घरात कोणी बोललंच नव्हतं. मुलाखतीआधी तिला विचारते, एवढं थांबायची तयारी आहे का.

सराफकट्टा: विचारा. आणि पगाराशिवाय फंडाच्या नफ्यात वाटा देणार का, तेही तिला विचारायला सांगा. देणार असतील तर लेखी घ्या.