सहा इंच उंचावलेल्या पिकअपमागे कॅम्पर ट्रेलर ओढणे: हिचची उंची आणि वजनाचा हिशेब

प्रश्न: पठारवासी (डेन्व्हर)

नमस्कार. मी अलीकडेच अर्ध्या टनाच्या वर्गातला (मोठ्या पिकअपमधला हलका वर्ग), चार दारांचा एक वापरलेला पिकअप ट्रक घेतला. आधीच्या मालकाने त्याला सहा इंचांचे लिफ्ट किट (ट्रकची उंची वाढवणारा संच) बसवले आहे आणि मूळच्या ३२ इंची टायरांच्या जागी ३५ इंची टायर घातले आहेत. याच ट्रकमागे दोन आसांचा कॅम्पर ट्रेलर जोडून, पत्नी आणि दोन मोठ्या मुलांसह, इंटरस्टेट ७० ने रॉकी पर्वत ओलांडून युटाकडे जाण्याचा आमचा विचार आहे. सामानासह ट्रेलरचे वजन ६,००० पौंडांच्या आसपास जाईल.

ट्रेलर विकणाऱ्याने साध्या, सरळ बॉल माउंटवर (ट्रकच्या मागे बसवायचा, गोळा असलेला दांडा) तो जोडून दाखवला, तेव्हा ट्रेलरचे नाक चांगलेच वर उचललेले दिसले. त्यावर त्याचे उत्तर असे, की या ट्रकची ओढण्याची क्षमता ११,००० पौंड आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. माझे मात्र समाधान झालेले नाही. नाक वर असणे खरोखर धोक्याचे आहे का, आणि लिफ्ट बसवल्यानंतरही कंपनीने दिलेली क्षमता तशीच धरावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: दुवा_जोडणारा

तुमची शंका रास्त आहे. नाक वर असलेला ट्रेलर रस्त्यावर आणू नका.

ट्रेलर मागे कलला, की त्याचे वजनही मागे सरकते आणि हिचवर (ट्रक आणि ट्रेलर यांच्या जोडणीवर) पडणारा भार, म्हणजे टंग वेट, कमी होतो. अशा प्रकारच्या ट्रेलरचा टंग वेट त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. तो त्याहून उतरला, की ट्रेलर डोलू लागतो. शेजारून मोठा मालट्रक वेगाने गेला किंवा उतारावर वारा आडवा आला, की हे हेलकावे वाढत जातात आणि ट्रकचा मागचा भागही त्यात ओढला जातो. दुसरे असे, की दोन आसांच्या ट्रेलरमध्ये नाक वर असेल, तर मागच्या आसावर वाजवीपेक्षा जास्त भार येतो. पाट्यांच्या सस्पेन्शनमध्ये दोन आसांमधला इक्वलायझर (दोन्हींवर भार वाटणारा झुलता दांडा) त्यातला काही भाग सावरून घेतो, पण टॉर्शन (रबराच्या पिळावर चालणाऱ्या) आसांच्या ट्रेलरमध्ये तशी सोय नसते आणि मागचे टायर तापतात.

उपाय मोजपट्टीने सुरू होतो. सपाट जमिनीवर ट्रेलर जॅकने अगदी समतल करा आणि जमिनीपासून कपलरच्या (ट्रेलरच्या टोकाचा, गोळ्यावर बसणारा भाग) खालच्या कडेपर्यंतची उंची घ्या. मग प्रवासात असेल तेवढे सामान ट्रकमध्ये भरून, रिसीव्हरच्या (ट्रकच्या मागची, माउंट घालण्याची नळी) चौकोनी तोंडाच्या आतील वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची घ्या. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे तुम्हाला लागणारा ड्रॉप, म्हणजे गोळा रिसीव्हरपेक्षा जितका खाली असावा ते अंतर. डोळ्याच्या अंदाजावर बॉल माउंट विकत घेऊ नका.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ड्रॉप जितका खोल, तितकी रिसीव्हरला पिळणारी तरफ लांब होते. म्हणूनच एकाच बनावटीच्या माउंटवर ड्रॉप वाढला, की कोरलेली क्षमता अनेकदा कमी झालेली दिसते. माउंट, बॉल, रिसीव्हर आणि कपलर यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच तुमच्या जोडणीची क्षमता. रिसीव्हरवरचे स्टिकरही वाचा. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक साध्या जोडणीचा आणि दुसरा वजन विभागणाऱ्या हिचचा (जी हिचवरचा काही भार स्प्रिंग बारांनी ट्रकच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या आसांवर वळवते). या वर्गातील बऱ्याच ट्रकांवर साध्या जोडणीची मर्यादा ५,००० पौंड आणि टंग वेट ५०० पौंड इतकीच असते. तुमच्या ट्रकवर तसे असेल, तर वजन विभागणारी हिच तुम्हाला घ्यावीच लागेल, आणि तिचा दांडाही तुमच्या उंचीला पुरेल इतक्या ड्रॉपचा हवा.

ती हिच बसवताना पुढच्या चाकावरील मडगार्डच्या कमानीची उंची तीनदा मोजावी: ट्रेलर जोडण्यापूर्वी, जोडल्यावर आणि स्प्रिंग बार ताणल्यावर. भारामुळे पुढचा भाग जितका उचलला गेला, त्यातला निदान अर्धा तरी बार ताणल्यावर खाली आला पाहिजे. नेमके प्रमाण हिचच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. पुढची चाके हलकी राहिली, तर स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही कमकुवत पडतात.

उत्तर २: गिअरबॉक्स

वरील उत्तराशी पूर्ण सहमत. टायरांविषयी थोडी भर घालतो, कारण लिफ्टइतकाच परिणाम त्यांचा आहे.

३२ ऐवजी ३५ इंची टायर म्हणजे चाक सुमारे ९ टक्क्यांनी मोठे. तुमच्या मागच्या आसाचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे ड्राइव्ह शाफ्टचे फेरे) ३.५५ असेल, तर ते आता ३.२५ असल्यासारखे वागेल. चढावर इंजिन धापा टाकेल आणि गिअरबॉक्स तापेल. मूळची ओढ परत मिळवायची, तर हिशेबाने ३.८८ लागते, म्हणून असे ट्रक ओढण्यासाठी वापरणारे बहुतेक लोक ४.१० चे गिअर घालून घेतात. ब्रेकचेही तेच. पेडलवर तितकाच दाब दिला, तरी मोठ्या चाकामुळे रस्त्यावर मिळणारा रोध साधारण तेवढ्याच प्रमाणात घटतो, आणि जड चाक थांबवायला अधिक जोर लागतो तो वेगळाच. त्यामुळे ट्रेलरचे विद्युत ब्रेक आणि ट्रकमधला ब्रेक कंट्रोलर (ते ब्रेक ट्रकमधून चालवणारे उपकरण) नीट जुळवल्याशिवाय निघू नका. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे कायद्यानेच सक्तीचे आहे.

स्पीडोमीटर दुरुस्त करून घेतला नसेल, तर काटा ६० मैल दाखवतो तेव्हा तुम्ही जवळजवळ ६५.६ मैलांनी धावत असता. ट्रेलरच्या कित्येक टायरांची मर्यादाच ताशी ६५ मैल असते, हे ध्यानात ठेवा.

तुमच्या वाटेवरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंचावर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्क्यांनी घटते. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना उतार तीव्र आहे आणि ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांसाठी बाजूला चढाचे रस्ते काढलेले आहेत. टो-हॉल मोड (ओझे ओढताना गिअर त्याला साजेसे बदलण्याची सोय) चालू ठेवून, उतार लागण्यापूर्वीच खालच्या गिअरमध्ये या. ट्रेलर डोलू लागला, तर ट्रकचा ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा.

उत्तर ३: सांधा

खोल ड्रॉप लावल्यावर सुरक्षा साखळ्यांची लांबीही तपासावी. कपलर खाली आणि साखळीची कडी वर, असे अंतर वाढलेले असते. वळणावर साखळी ताणली जाऊ नये आणि रस्त्याला घासूही नये. साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेदून लावाव्यात. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी तार) मात्र ट्रकच्या सांगाड्याला स्वतंत्र अडकवावी. ती बॉल माउंटला अडकवली आणि माउंटच निसटला, तर केबल खेचली न जाता ट्रेलरचे ब्रेक लागणारच नाहीत.

पठारवासी

सर्वांचे मनापासून आभार. मोजमाप घेतले. समतल ट्रेलरचा कपलर २० इंचांवर आहे आणि भरलेल्या ट्रकचा रिसीव्हर २८ इंचांवर. दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे माणसे आणि सामान मिळून १,५०० पौंडांची मुभा आहे. ११,००० पौंड क्षमतेचा मुद्दा तेवढा अजून मला उलगडलेला नाही.

दुवा_जोडणारा

म्हणजे तुम्हाला आठ इंचांचा ड्रॉप लागेल. क्षमतेविषयी सांगायचे, तर अमेरिकेत हे आकडे आता बहुतांशी एसएई (वाहन अभियंत्यांची संघटना) जे२८०७ या मानकानुसार ठरतात. त्यातील एक चाचणी अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमच्या लांब चढावर, एअर कंडिशनर चालू ठेवून होते. पण चाचणीतला ट्रक कारखान्याच्या उंचीचा आणि कारखान्याच्या टायरांचा असतो. तुमच्या ट्रकने ती परीक्षा दिलेली नाही, आणि लिफ्टमुळे क्षमता वाढत तर मुळीच नाही.

शिवाय तुमची अडचण वेगळीच आहे. टंग वेट १३ टक्के धरला, तर ७८० पौंड. चौघांचे वजन सुमारे ६०० आणि हिचचे सुमारे १०० पौंड. बेरीज १,४८० झाली. मागच्या हौद्यात अजून एकही वस्तू ठेवलेली नाही, आणि लिफ्ट किट व मोठ्या टायरांचे जादा वजनही याच १,५०० मधून वजा करायचे आहे. म्हणजे ११,००० पौंडांच्या कितीतरी अलीकडे, ६,००० पौंडांवरच तुमच्या ट्रकची पाठ भरून जाते.

ट्रकने प्रामुख्याने ट्रेलरच ओढायचा असेल, तर लिफ्ट काढून मूळ उंची आणि मूळ मापाचे, जास्त भार पेलणारे टायर घालणे हेच मला योग्य वाटते. लिफ्ट ठेवायचीच असेल, तर ट्रेलर अधिक हलका निवडा. मागचा भाग उचलण्यासाठी आस आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळे बसवले असतील, तर तेही एका चांगल्या गॅरेजमध्ये दाखवून घ्या. उंच ठोकळ्यांमुळे ओढताना आस पिळला जातो, आणि एकावर एक रचलेले ठोकळे असतील तर ते लगेच काढायला सांगा.

निर्णय घेण्याआधी, सर्व कुटुंब आणि सामानासह ट्रक स्टॉपवरील कॅट स्केलवर (वाहनांच्या वजनकाट्यावर) जा. तो काटा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर अशी तीन वजने वेगवेगळी देतो. एकदा ट्रेलरसह आणि एकदा ट्रेलर सोडून वजन करा. मागच्या आसाचा आकडा दाराच्या चौकटीवरील त्याच्या मर्यादेशी ताडून पाहा आणि दोन्ही पावत्यांवरचे आकडे इथे लिहा. पुढचा हिशेब त्यावरून करता येईल.