"काही करत नाही हो तो!" म्हणत मोकळा कुत्रा अंगावर येतो, तेव्हा काय करायचं?

प्रश्न:
आमची कुत्री झिपरी चार वर्षांची, १८ किलोची. घरात अगदी गरीब गाय. दीड वर्षाची असताना बागेत एका मोकळ्या कुत्र्याने तिला खाली पाडून कान फाडला. कान बरा झाला, भीती गेली नाही. आता दुसरा कुत्रा दिसला की आधी थिजते, तोंड घट्ट मिटते, आणि मग दोन पायांवर उभी राहून भुंकत सुटते.

सात महिने खपून आम्ही इथवर आलो होतो की, ३० पावलांवर दोरीने बांधलेला कुत्रा असला तर ती त्याच्याकडे बघून पुन्हा माझ्याकडे वळायची. पहिल्यांदा वळली त्या दिवशी मी तिथेच गवतात बसून रडले.

परवा "कुत्रे बांधून ठेवा" अशी पाटी असलेल्या बागेत एक मोठा कुत्रा सरळ आमच्या रोखाने धावत आला. मालक लांबून, "काही करत नाही हो तो!" मी ओरडले, "पण ही करते!" तोवर तो नाकाला नाक लावून उभा. मी दोरी आवळली आणि झिपरी त्याच्यावर तुटून पडली. दात कुणालाच लागला नाही, पण बोलणी मला बसली: "असला कुत्रा बागेत आणताच कशाला?" काल ती फाटकापाशीच थरथरायला लागली.

त्या पाच सेकंदांत नेमकं काय करायचं? आणि बाग सोडूनच द्यायची का?

उत्तर १:
दोरी आपण सगळेच आवळतो, हात आपोआप आवळला जातो. पण गळ्याशी ताण आला की तिला पळायची वाट उरत नाही, मग भांडणच उरतं. म्हणून मागे फिरायची सवय आधी घरात लावा. एकच शब्द ठरवा, आम्ही "चल मागे" म्हणतो. शब्द उच्चारला की वळायचं, वळल्यावर खाऊ. समोर कुणी नसताना शेकडो वेळा करा, म्हणजे गडबडीत पाय स्वतःहून वळतात.

दुसरं, खिशात मूठभर खाऊ सुटा ठेवा. येणारा कुत्रा नुसता उत्साही असेल तर खाऊ त्याच्या पुढ्यात जमिनीवर फेका आणि तो हुंगेपर्यंत निघून जा. गुरगुरत येणाऱ्यासाठी हा उपाय नाही. तिथे स्वतः मध्ये उभं राहा, मालकाला "हाक मारा त्याला!" एवढंच सांगा. "ही करते" म्हटलं की लोक वाद घालत बसतात.

उत्तर २:
काट्यांचा पट्टा घाला, आठवड्यात सरळ होईल.

उत्तर १:
नको, कृपा करून नको. कुत्रा दिसला की मान दुखते, एवढंच ती शिकेल. भुंकणं दबेल, भीती वाढेल, आणि पुढच्या वेळी न भुंकता चावेल. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की वागणुकीच्या कुठल्याही तक्रारीवर बक्षीस देऊनच शिकवावं, अशा पट्ट्यांनी नव्हे.

उत्तर ३:
थरथर ऐकून वाईट वाटलं. अशा धक्क्याचा ताण एका दिवसात उतरत नाही. आठवडाभर ते फाटक बघूच नका. निर्मनुष्य मोकळी जागा शोधा, लांब दोरी लावा आणि तिला मनसोक्त हुंगू द्या, चालणं कमी झालं तरी चालेल. तो कान पशुवैद्याला पुन्हा दाखवा. दुखऱ्या जागेजवळ कुणी आलं की कुत्री जास्त चिडतात, ते आमच्याकडे फार उशिरा कळलं. जाळीच्या मझलची, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर घालायच्या जाळीची, सवयही हळूहळू लावा. त्यात तिला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, आणि तुमचा हात सैल राहतो.

उत्तर ४:
मी पलीकडचा माणूस. "काही करत नाही" हे वाक्य मी तीन वर्षं म्हणत होतो. माझा कुत्रा खरंच गरीब आहे, पण हाक मारल्यावर परत येत नाही, आणि समोरच्याला काय वाटतं याचा मी विचारच केला नव्हता. एकदा एका म्हाताऱ्या कुत्रीला त्याने कोपऱ्यात गाठलं, तिने भीतीने तिथेच लघवी केली. तेव्हापासून दोरी सोडलेली नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, ताई.

प्रश्नकर्ती:
उत्तर ४, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आजपासून बाग बंद, तात्पुरती. संध्याकाळी व्हरांड्यात "चल मागे" वीस वेळा केलं. एकविसाव्या वेळी मी शब्द उच्चारायच्या आतच झिपरी वळून उभी होती. कानासाठी उद्याची वेळ घेतली आहे.