दोन इंच लिफ्टवर २३५/७५ आर १५ टायर: उभ्या गाडीत बसतो, दगडावर घासतो

चिखलवाट
नमस्कार मंडळी. गाडी जिम्नी, तीन दारांची. स्प्रिंगा आणि शॉक बदलून ५० मिमी उचलली, म्हणजे दोन इंच लिफ्ट. रिम गाडीबरोबर आलेल्याच, १५ इंची, रुंदी ५.५ इंच, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकायच्या जागेचं अंतर) +५ मिमी. मूळचे १९५/८० आर १५ काढून २३५/७५ आर १५ चढवले. टायर आणि मडगार्डच्या मध्ये अख्खी मूठ जात होती, त्यामुळे स्वारी खुशीत. पहिल्याच ओढ्यात पुढचं डावं चाक दगडावर चढलं आणि खर्रर्र! उतरून बघतो तर लायनर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) फाटून लोंबतंय, टायरच्या खांद्यावर ओरखडा. शिवाय फुल लॉक मारला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं, की आतून वेगळीच घरघर येते. आणखी एक इंच उचलली तर सुटेल का?

रानभैरी
३० मिमीचे स्पेसर (हब आणि रिमच्या मधल्या, चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) टाका आणि विसरून जा. माझी घरघर त्यानेच गेली.

ग्रीसचे हात
थांबा, आणखी उचलू नका. या खड्ड्यात मी आधीच पडून आलोय.

तुमची मूठ आत गेली ती गाडी उभी असताना. लिफ्टने बदलली ती उभं राहायची उंची. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर चाक कुठवर वर जाणार हे ठरवतो बंप स्टॉप, म्हणजे एक्सलला वर अडवणारा रबरी ठोकळा, आणि त्याला तर तुम्ही हात लावलेला दिसत नाही. जुन्या टायरचा व्यास ६९३ मिमी, नव्याचा ७३३. म्हणजे ओढ्यात चाक पूर्वीइतकंच वर गेलं, फक्त त्याच्यावर २० मिमी रबर जास्त होतं. चार इंच उचललीत तरी ते तिथेच जाऊन घासेल. (डिफरन्शिअलखाली, म्हणजे एक्सलच्या मधल्या गोळ्याखाली, जी उंची मिळाली तीही या २० मिमीचीच. लिफ्टने तिथे काहीच मिळत नाही. माझ्याच गाडीखाली टेप लावेपर्यंत मला हे पटलं नव्हतं.)

मापायचं कसं ते सांगतो. चॅसिस भक्कम स्टँडवर घ्या, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढा, चाकं चढवा. टायरच्या खांद्याला खडू फासा. आता एक्सलची एकच बाजू जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचला, दुसरी लोंबू द्या, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. खडू जिथे उमटेल तिथे घासतंय. एकच बाजू का, तर सलग एक्सल आहे, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर: एक बाजू वर गेली की त्या टायरचा माथा आतल्या अंगाला कलतो. मी दोन्ही बाजू बरोबर उचलल्या होत्या, सगळीकडे छान मोकळं दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी लायनरचा अर्धा भाग हातात घेऊन परत आलो. उचलताना ब्रेकच्या होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना तेही बघा, विशेषतः लोंबत्या बाजूला.

फुल लॉकची घरघर हे निराळं प्रकरण. टायर ४० मिमीने रुंद झाला, त्यातले २० आत गेले. तिथे एक्सल धरणारा लांब आर्म आहे, टायर त्यालाच घासतो. त्या आर्मवर रंग उडालेला, लोखंड उघडं पडलेला ठिपका सापडेल. स्टिअरिंग स्टॉपच्या (चाक किती वळेल ते अडवणाऱ्या) बोल्टखाली दोन वॉशर घातले तर सुटतं, पण गाडीला वळायला जागा जास्त लागते.

रानभैरी, स्पेसरने आर्म सुटला हे खरं. पण चाक ३० मिमी बाहेर गेलं की वळताना ते मोठा फेर घेतं आणि बंपरचा खालचा कोपरा गाठतं. तुमचा कोपरा कापलेला असणार! चिखलवाट, तुमच्या टायर कंपनीचा रिमच्या रुंदीचा तक्ताही उघडून बघा. २३५ ला ५.५ ची रिम अरुंदच. मी स्पेसरऐवजी ६ इंची, कमी ऑफसेटची रिम घेतली.

गाडी हमरस्त्यावर डुगडुगते का, वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येतं का? डुगडुगत असेल किंवा सरळ येत नसेल तर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) गेलाय, तो सुधारायचे बुश मिळतात. आणि दोन्ही मडगार्डवरून ओळंबा सोडून टायरपर्यंतचं अंतर मोजा. लिफ्टने पॅनहार्ड रॉड (एक्सलला चॅसिसशी जोडणारा आडवा दांडा) एक्सलला एका अंगाला ओढतो.

रानभैरी
कोपरा कापलाय. दोन्हीकडचा. सांगायचं राहिलं.

चिखलवाट
दादा, आज केलं. डावीकडे खडू दोन जागी उमटला: लायनरच्या मागच्या बाजूला आणि बंपरच्या कोपऱ्यात. आर्मवरचा ठिपकाही सापडला, साधारण नाण्याएवढा. ओळंब्याने डावा टायर उजव्यापेक्षा ९ मिमी जास्त बाहेर. म्हणजे डावाच का घासला तेही कळलं. बंप स्टॉपखाली २० मिमीचा ठोकळा घालून पुन्हा उचललं तर लायनर सुटलं, बंपर नाही. तो कापतो. लांबी कमी-जास्त करता येणारा ॲडजस्टेबल पॅनहार्ड मागवलाय. वॉशर तूर्तास एकच घातलाय, घरघर कमी आहे पण गेली नाही.

एक शंका. स्टेपनी अजून १९५ चीच लटकतेय. नवी मागच्या दाराच्या बिजागरीला जड होईल असं वाटतं. चालेल का?

ग्रीसचे हात
दुसरा वॉशर घाला. पंक्चर झालंच तर ती बारकी स्टेपनी पुढे लावा. मागचं पंक्चर असेल तर पुढचं चांगलं चाक मागे न्या आणि स्टेपनी पुढे. गाडी २एच मध्येच (फक्त मागच्या चाकांना जोर) ठेवा, म्हणजे पुढच्या डिफरन्शिअलवर इंजिनाचा जोर येणार नाही. हळू चालवा. ४एच ला (चारही चाकांना जोर) मात्र हात लावू नका: पुढचं-मागचं एकत्र बांधलं जातं, चाकांचा घेर वेगळा, पुढे-मागे जोर वाटणारा ट्रान्सफर केस कुंथायला लागतो. स्पीडोमीटरचा काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी मोठ्या टायरवर ८५ च्या आसपास असू शकते, हे एरवीही ध्यानात असू द्या.