मदत हवी आहे: पुण्याहून मेलबर्नला घरसामान पाठवताना आईचा तानपुरा आणि देव्हारा बायोसिक्युरिटीतून कसा न्यायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा, जानेवारीत पुण्याहून मेलबर्नला कायमचे राहायला जातोय. सामान न्हावा शेवाहून बोटीने जाईल. अख्खा कंटेनर भरण्याइतकं ते नाही, सहा-सात क्यूबिक मीटर होईल, त्यामुळे इतरांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमधून जाणार. भांडी, कपडे, पुस्तकं यांची काळजी नाही. जीव अडकलाय तो दोन वस्तूंत.

पहिली वस्तू आईचा तानपुरा. १९७८ साली तिने मिरजेला सतारमेकर गल्लीत स्वतः उभं राहून करून घेतला होता. भोपळा पंढरपूरकडचा, दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी) तुणाच्या लाकडाची, वर लाखेचं पॉलिश. आईला जाऊन दोन वर्षं झाली. भोपळ्यावर डाव्या बाजूला तिच्या बांगड्या घासून पॉलिश उडालेला एक पट्टा आहे, तो मी कधी दुरुस्त करू दिला नाही. दुसरी वस्तू सासरचा देव्हारा, सागवानी, साठ-पासष्ट वर्षांचा.

मूव्हर्सचा माणूस घरी पाहणीला आला. यादी करताना मी ‘तानपुरा, वाळलेला भोपळा’ असं सांगितलं, तर म्हणाला, ‘मॅडम, भोपळा कशाला लिहिता? म्युझिकल इन्स्ट्रुमेंट एवढंच टाकू. उघडून कोण बघतंय?’ मला ते मुळीच पटलं नाही. ज्या देशात राहायला चाललोय तिथे पहिलाच कागद खोटा द्यायचा नाही, असं आमचं दोघांचंही ठरलंय. शिवाय लपवलं आणि सापडलं तर वाद्य जाईल ते जाईलच, वर दंड.

आत्तापर्यंत वाचून, विचारून जे कळलंय ते लिहिते. चुकत असेल तर सांगा.

आपण विमानाने गेलो आणि सामान मागून आलं की त्याला ‘अनअकम्पनीड पर्सनल इफेक्ट्स’ (यूपीई) म्हणतात. त्याचं यूपीई स्टेटमेंट भरायचं, सोबत पासपोर्टची प्रत आणि खोकेनिहाय पॅकिंग लिस्ट द्यायची. वस्तू निघण्याआधी किमान बारा महिने स्वतःच्या मालकीची आणि वापरातली असेल तर ड्यूटी आणि जीएसटी लागत नाही. आमचा मिक्सर ऑगस्टमधला आहे, तो मी वेगळा दाखवून बिल जोडणार आहे. हा झाला कस्टम्सचा भाग, आणि तो सोपा वाटला.

खरा प्रश्न बायोसिक्युरिटीचा, म्हणजे बाहेरची कीड-रोगराई देशात येऊ नये म्हणून होणाऱ्या तपासणीचा. तिथे लोक अजूनही क्वारंटाइनच म्हणतात, पण १९०८ चा जुना क्वारंटाइन कायदा जाऊन आता बायोसिक्युरिटी ॲक्ट २०१५ आहे. आपल्या भागातून येणाऱ्या सामानात त्यांना सगळ्यात मोठी धास्ती खपरा भुंगेऱ्याची. धान्याच्या कोठारातला हा किडा, पण त्याची अळी अन्नावाचून वर्षानुवर्षं फटीत पडून राहू शकते. २००७ मध्ये पर्थला परदेशातून आलेल्या एका कुटुंबाच्या घरसामानात तो निघाला, तर ते अख्खं घर झाकून कीड मारणाऱ्या वायूची धुरी द्यावी लागली होती. २०२० पासून तर तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, जिरे, धणे अशी धान्यं आणि बिया घरसामानातून न्यायलाच बंदी आहे. ‘आम्ही डाळ-तांदूळ नेतच नाही’ असं मी म्हणत होते. मग देव्हाऱ्याचा खण बाहेर काढला. आमची अन्नपूर्णा तांदळात असते, तिच्या वाटीतले सांडलेले दाणे खणाच्या मागच्या फटीत अडकले होते. चिमटीने मोजून सतरा काढले. लेकाची तान्हेपणीची मोहरीची उशी माळ्यावर गोधडीत गुंडाळलेली निघाली. पूजेच्या पिशवीत सुपाऱ्या, हळकुंडं आणि रुद्राक्षाची माळ. घरात किती बिया असतात हे मला आत्ता कळतंय.

आता प्रश्न:

तानपुऱ्याचा भोपळा तबलीने बंद असतो. आत बी किंवा कीड नाही हे अधिकाऱ्याला दाखवायचं कसं? शंका आली तर ते त्याला धुरी देतील की तापवतील? लाकडी खोक्यांना देतात ती ५६ अंशांची उष्णता लाखेला आणि सरसाच्या सांध्यांना सोसेल असं मला वाटत नाही.

देव्हारा आणि तानपुरा, दोन्हींखाली मी गेला आठवडाभर पांढरा कागद घालून ठेवलाय. तानपुऱ्याखालचा कागद कोरा आहे. देव्हाऱ्याखाली चौथ्या दिवशी सकाळी पिठासारखा पिवळट भुसा दिसला, जेमतेम चिमूटभर. काय करू? इथेच ठेवून जाऊ की काही उपाय आहे?

कुणी भोपळ्याची वाद्यं नेली असतील तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, आम्ही २०२२ मध्ये नाशिकहून मेलबर्नलाच आलो. तबला, डग्गा आणि पेटी आणली. आमच्या एकतीस खोक्यांपैकी चार उघडली: वाद्यांची दोन, बागेच्या सामानाचं एक, आणि ज्यावर पॅकरने ‘किचन मिसलेनियस’ लिहिलं होतं ते एक. शेवटचं केवळ त्या शब्दामुळे उघडलं, असं क्लिअरिंग एजंटने सांगितलं. ‘किरकोळ’, ‘इतर’, ‘स्वतः पॅक केलेले’ असे शब्द यादीत अजिबात नकोत. खोके क्रमांक १४, स्टीलचे डबे बारा, रिकामे, धुतलेले, इतकं स्पष्ट लिहा. आणि तपासणीची फी पाव तासाच्या हिशेबाने लागते, त्यामुळे ज्या वस्तू ते बघणारच त्या सगळ्या एक-दोन खोक्यांत एकत्र ठेवा. वाद्यं, लाकूड, सूप-रोवळी, माळ एकीकडे. म्हणजे अधिकाऱ्याला शोधावं लागत नाही.

चिखलाचं विसरू नका. मुलाचे क्रिकेटचे बूट, सायकलची चाकं, व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी. आमच्याकडे सायकलच्या मडगार्डखालची वाळलेली माती निघाली आणि सायकल धुवायचे वेगळे पैसे भरले. टूथब्रशने घासून घ्या. केरसुणी नेऊ नका, तिथे प्लास्टिकचा झाडू मिळतो. शेणाच्या गोवऱ्या, गोमूत्र हेही नाही.

प्रतिसाद २

मी न्हावा शेवाला कस्टम्स क्लिअरिंगच्या कामात आहे. सगळे तिकडच्या नियमांचा विचार करतात आणि इकडचे विसरतात, म्हणून तेवढंच लिहितो.

तानपुऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, कशाची आहे ते आधी बघा. उंटाचं हाड किंवा फायबर असेल तर नुसतं लिहून टाका. सांबरशिंग किंवा हस्तिदंत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आडवा येतो, आणि तो भारतातून निघतानाच. तेव्हा घोडी बदलून घ्या, जुनी इथेच ठेवा. मोरपिसं असतील तर तीही काढा, निर्यातीला बंदी आहे. देव्हाऱ्यात बऱ्याच जणांकडे एखादं खोचलेलं असतं.

दुसरं, जुने टाक, समया, मूर्ती. शंभर वर्षांपुढची कलावस्तू पुरावस्तू धरली जाते आणि खासगी व्यक्तीला ती बाहेर नेता येत नाही. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांचीच आहे. पणजोबांच्या हातची पोथी असेल तर सांभाळून. वस्तू तितकी जुनी नाही पण दिसते जुनी, अशी असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. याला वेळ लागतो, आजच फोटो काढून अर्ज करा.

देव्हाऱ्याचं सांगतो. मिथिल ब्रोमाइडची धुरी देता येते. लाकडासाठी नेहमीचं प्रमाण २१ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला घनमीटरला ४८ ग्रॅम, २४ तास. पण कोपऱ्यावरच्या पेस्ट कंट्रोलवाल्याची पावती चालत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्याने प्रक्रिया करणाऱ्यांची यादी ठेवली आहे, त्यात नाव असलेल्याचाच दाखला लागतो. धुरीनंतर २१ दिवसांच्या आत माल निघाला पाहिजे, म्हणून धुरी फार आधी उरकू नका. प्लास्टिक गुंडाळून धुरी देऊ नका, वायू आत जात नाही. चारही बाजूंनी ऑइलपेंट असेल तरी तीच अडचण, लाकडाची एक तरी बाजू उघडी हवी. आणि त्या खोलीत लोकर, चामडं, फोम, रबर ठेवू नका, नंतर असा वास येतो की वस्तू टाकावी लागते.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार. मोरपीस खरंच होतं, बाळकृष्णाच्या मागे. ते जाऊबाईंकडे दिलं.

देव्हारा काल सुताराला दाखवला. त्याने उलटा केला, नखाने ओरखडलं आणि म्हणाला, ‘चौकट, कळस, खांब सगळं साग आहे, त्याला काही झालेलं नाही. पाठीची फळी मागून कुणीतरी आंब्याची बसवली आहे, भुंगा तिच्यात आहे.’ बघितलं तर फळीच्या खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी नऊ-दहा भोकं. फळी काढून तिथल्या तिथे जाळली. आता पाठ उघडी आहे, म्हणजे रंग न लावलेलं लाकूडही उघडं पडलं. उरलेल्याला यादीतल्या माणसाकडून धुरी देऊन घेणार आहे. फळी मेलबर्नला गेल्यावर बसवू. देव मात्र माझ्याबरोबर विमानाने, हातातल्या पिशवीत.

तानपुऱ्याचं कुणी सांगेल का? घोडी उंटाच्या हाडाची आहे, आईने ठेवलेल्या पावतीवरच तसं लिहिलेलं सापडलं.

प्रतिसाद ३

नमस्कार. सांगलीचा आहे, पंचवीस वर्षं तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत काढली. परदेशी गेलेली बरीच वाद्यं माझ्या हातून बांधून गेली आहेत.

भोपळा कापल्यावर बी आणि गर काढून, आतून खरवडून, वाळवूनच तबली बसते. तरी एखादं बी चिकटून राहतं आणि वर्षांनी सुटतं. तानपुरा आडवा धरा, कानाशी आणा आणि अगदी सावकाश एका बाजूला कलंडवा. बी असेल तर घरंगळल्याचा आवाज येतो. आला तर मिरजेला न्या. तबली उघडणं हे काम कारागिराचंच, घरी करू नका. आवाज नाही, बाहेर भोक नाही, कागद कोरा, तर वाद्य स्वच्छ आहे.

कारागिराकडून एक पत्र घ्या: वाद्य कधीचं, कुठलं लाकूड, भोपळा बी काढून वाळवलेला, वर लाखेचं पॉलिश, घोडी कशाची. सोबत भोपळ्याचे चारही बाजूंनी फोटो. ही सक्तीची गोष्ट नाही, पण समोर तंबोरा पहिल्यांदाच बघणाऱ्या माणसाला ते कळायला सोपं जातं. उगाच आधीच धुरी देऊ नका. पॉलिश केलेल्या भोपळ्यात वायू धड शिरत नाही, आणि कीड नसताना गरजही नाही.

तिकडे शंका घेतलीच तर वाद्य लगेच नष्ट करत नाहीत. प्रक्रिया, परत पाठवणं किंवा नष्ट करणं, यांतलं काय करता येईल ते तुम्हाला विचारतात, खर्च तुमचा. तेव्हा उष्णतेला ‘नको’ म्हणा. लाख मऊ होते, सरस सुटतो, तबली वर येते. एजंटला आत्ताच लेखी कळवून ठेवा की तुम्हाला विचारल्याशिवाय कुठलीही प्रक्रिया करायची नाही.

बांधताना तारा उतरवा, पण पूर्ण काढू नका. घोडी कापडात गुंडाळून वेगळी ठेवा. पेंढा अजिबात नको. पूर्वी आम्ही पेंढ्यातच बांधायचो, आता चालत नाही. जुन्या सुती साड्या चालतील, धुऊन, कडक उन्हात वाळवून. बाहेरची पेटी लाकडी केली तर तिच्यावर उष्णता-प्रक्रियेचा गव्हाच्या ओंबीचा शिक्का हवा. प्लायवूडला तो लागत नाही, म्हणून प्लायचीच करा.

धागाकर्ती

काका, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रीच तानपुरा कानाशी धरला. घरात सगळे झोपले होते. दोन्हीकडे कलंडवला, तीनदा. काही नाही. मग खुंट्या सैल केल्या. या तारा इतक्या उतरलेल्या मी कधीच बघितल्या नव्हत्या.

रविवारी मिरजेला गेलो. ज्यांच्याकडे आईने वाद्य केलं त्यांचा मुलगा आता दुकानात बसतो. त्याने भोपळ्याच्या देठाजवळची वडिलांची खूण दाखवली आणि पत्र लिहून दिलं. बांगड्यांच्या पट्ट्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, ‘राहू द्या, पत्रातही लिहितो, नाहीतर तिकडे कीड समजतील.’ आणि खरंच लिहिलं.

मूव्हर्सना पॅकिंग लिस्ट पुन्हा टाइप करायला लावली. पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून ती ओळ इथे देते:

खोके क्र. १९ (प्लायवूड): तानपुरा १, वापरलेला, मिरज, १९७८. वाळवलेला भोपळा, बी काढलेला, लाखेचं पॉलिश, तुणाचं लाकूड, घोडी उंटाच्या हाडाची, वेगळी गुंडाळलेली. डाव्या बाजूला पॉलिश घासलेले, कीड नाही. कारागिराचं पत्र आणि फोटो सोबत. तपासणीसाठी उघडावे.