उन्हाळ्यासाठी हवा खेळती राहणारी टोपी सुचवा

धागाकर्ता:
रोज सकाळी तासभर भरभर चालतो. आता आठलाच ऊन चटके देतं. जाड सुती कॅप अर्ध्या तासात चिंब होते, घाम डोळ्यांत उतरतो. वाळली की तिच्यावर मिठाचे पांढरे नकाशे. ‘ब्रीदेबल’ लिहिलेल्या टोप्या ढीगभर आहेत, पण नेमकं काय बघून घ्यायचं? केस जेमतेम उरलेत, हेही सांगून ठेवतो.

प्रतिसाद १:
जाड सूत बाद. घाम पितं, पण लवकर सोडत नाही. डोकं गार होतं ते घाम उडून गेल्यावर. पातळ पॉलिएस्टर घ्या, पटकन वाळतं. मागचा भाग जाळीचा असला की उत्तम.

प्रतिसाद २:
जाळीच्या बाबतीत जरा थांबा! तिच्यातून वारा येतो तसं ऊनही येतं. मीही तुमच्याच पंथातला. पूर्ण जाळीची कॅप घालून दोन तास फिरलो आणि टाळू अशी भाजली की आठवडाभर कंगवा लावता येईना (तसाही फारसा लागत नाही, ते सोडा). आता माथ्यावर दाट विणीचं पातळ कापड आणि जाळी फक्त कानांच्या वर, अशी वापरतो. लेबलवर यूपीएफ ५० शोधा, म्हणजे अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा हिस्सा आत येतो. साधा पातळ पांढरा सुती टी-शर्ट दहाच्याही खाली असतो, भिजला की आणखी घसरतो.
लेबल नसेल तर कापडातून फुंकर मारा, पलीकडे हाताला लागायला हवी. मग माथ्याचा भाग उजेडासमोर धरा. पलीकडचं स्पष्ट दिसलं तर परत ठेवा.

प्रतिसाद ३:
टोपी उलटी करून बघा. पुढे फोमचं अस्तर असलं तर मागे कितीही जाळी असो, कपाळ शिजतं. चोचीत पुठ्ठा नको, धुतल्यावर वाकडा होतो. चोचीची खालची बाजू गडद असू दे, जमिनीवरून येणारी तिरीप कमी होते.

प्रतिसाद ४:
आणि कान, मान? कॅप तिथे पोचतच नाही. चारी बाजूंनी सात-साडेसात सेंटीमीटर काठाची हॅट घ्या. वाऱ्याने उडते, म्हणून हनुवटीखाली दोरी हवीच.

धागाकर्ता:
हॅटचं पटतंय. टोपी ओली करून घातली तर?

प्रतिसाद १:
हवा कोरडी असेल तर झकास. दमट हवेत नुसतं ओलं फडकं डोक्यावर घेऊन फिराल.

धागाकर्ता:
घरातल्या टोप्यांवर फुंकर मारून पाहिली. माझ्या कॅपमधून काही म्हणजे काही जात नाही. मुलाच्या टोपीतून मात्र समोरची भिंत दिसतेय.