बाइंड केलं की वर्कफ्लो झाला म्हणे!

खडूस_कोडर: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय: नंबर तपासा, ओटीपी पडताळा, खातं उघडा, एसएमएस पाठवा. चार छोटी फंक्शन्स, मध्ये एफ-शार्प भाषेतलं बाइंड (एका फंक्शनचं उत्तर पुढच्याला देणारं, एरर आली की थांबणारं), झालं साइनअप! अहो, ओटीपी मागवून माणूस जेवायला बसतो. तुमची साखळी मेमरीत, तेवढ्यात डिप्लॉयमेंट होऊन सर्व्हर नव्याने सुरू झाला की गेली. कुठल्या पायरीवर होता हे डेटाबेसातच लिहावं लागतं.

कॅट्सवाली: मग ओटीपीपाशी साखळी तोडा की, कुणी अडवलंय? नंबर तपासायचं तेच फंक्शन ‘पासवर्ड विसरलो’लाही चालतं. सगळं एकाच जागी कोंबलेल्या तुमच्या अजस्र कंट्रोलरमधून ते उपटून दाखवा.

जुना_जावावाला: ते राहू द्या. मुलाखतीत मोनाड, म्हणजे या बाइंडमागची गणिती कल्पना, कशाला विचारता? पेमेंट्समध्ये केस पिकलेल्या आमच्या मित्राला मोनाडचे तीन नियम येईनात म्हणून घरी पाठवला. त्याच कंपनीत अडकलेले रिफंड एक पोरगा एक्सेलमध्ये रंग भरून शोधतो.

कॅट्सवाली: तीन नियम एका संध्याकाळी पाठ होतात, काका.

जुना_जावावाला: पाठच होतात, तेच म्हणतोय! पाठांतर करणारे आत, रात्री अडीचला उठून पेमेंट सोडवणारा बाहेर. आणि काका कोणाला म्हणता?

नवशिक्या: मलाही हेच विचारलेलं. ‘मोनाड म्हणजे बरिटो’ हा जुना विनोद मारला, हसले, पण घेतलं नाही.

खडूस_कोडर: मुलाखतींचं रडगाणं वेगळ्या धाग्यात गा. तिकिटाचे पैसे कापले आणि सीट गेली, तर? बाइंड एरर देऊन मोकळं. पैसे परत कोण करणार? गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी १९८७ सालीच सागा मांडली: झालेल्या पायरीचा परिणाम फिरवणारी दुसरी पायरी. ती बाइंडमध्ये फुकट मिळत नाही.

कॅट्सवाली: फुकट म्हणालं कोण? पायरी आणि तिची भरपाई जोडीने बांधा, तीही फंक्शन्सच.

खडूस_कोडर: आणि भरपाईच फसली तर?

नवशिक्या: माझ्या फॉर्ममध्ये पाच चुका असल्या तरी एकच दिसते. दुरुस्त केली की पुढची. हे पण बाइंडमुळे?

कॅट्सवाली: हो, ते पहिल्या एररला थांबतं. एकमेकींवर न अवलंबणाऱ्या तपासण्यांना अ‍ॅप्लिकेटिव्ह लागतं, म्हणजे सगळ्या चालवून निकाल एकत्र करणारी जोडणी. कॅट्स या स्काला भाषेच्या लायब्ररीत व्हॅलिडेटेड वापर, सगळ्या चुका एकदम मिळतील.

खडूस_कोडर: म्हणजे बाइंड, अ‍ॅप्लिकेटिव्ह, भरपाई, वर डेटाबेस. काल तर एकच पुरत होतं! तपासण्यांपुरतं तुमचं मान्य, घ्या, पेढे वाटा.

कॅट्सवाली: भरपाई फसली तर पुन्हा प्रयत्न, नाहीतर माणसाकडे. तिथे तुमचं कंट्रोलर तरी काय करतं?

जुना_जावावाला: एक्सेलवाल्या पोराकडे पाठवतं. त्यालाही मोनाड विचारूनच घेतलाय.