मदत हवी आहे: खासगी बोटीने एका दिवसात पाच बेटं, घ्यावी का? (आज संध्याकाळपर्यंत सांगा)

खिडकीजवळचा · दुपारी 1.10
नमस्कार मंडळी, पटकन मदत हवी आहे. दिवसभरासाठी खासगी बोट ठरवतोय. सकाळी साडेसातला निघायचं, निळी गुहा, तो दोन कड्यांच्या मधला बीच, निळं लगून, मग ह्वार आणि संध्याकाळी सहाला परत. बोटवाला 990 युरो म्हणतोय, इंधन वेगळं. अर्धे पैसे आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर बोट दुसऱ्याला जाईल म्हणतो. घेऊ का? तिथे घासाघीस चालते का? जुने धागे शोधून झालेत, तेव्हा "आधी शोधा" नको.

पेठकरी · 1.18
"तिथे" म्हणजे नक्की कुठे ते आम्ही ओळखायचं का? महिना कोणता, माणसं किती, कोणत्या बंदरातून निघणार, यातलं काहीच नाही. फक्त घाई आहे.

खिडकीजवळचा · 1.21
ह्वार लिहिलंय ना, क्रोएशियातलं. स्प्लिटहूनच निघणार, अजून कुठून? ऑगस्टचा तिसरा आठवडा. सहा जण.

ऑलिव्हची_फांदी · 1.30
क्रोएशिया कशाला? ग्रीसला जा! आम्ही पारोसला स्वतः बोट चालवली. 30 हॉर्सपॉवरपर्यंत परवाना लागत नाही. सकाळी अर्धा तास शिकवतात, चावी हातात देतात. अँटीपारोसभोवती चक्कर मारली, वाटेल तिथे नांगर टाकला. स्किपरचे पैसे वाचले, डोक्यावर कोणी नाही.

शिडाचं_खूळ · 1.36
ऑगस्टमध्ये तिकडे मेल्टेमी हा जोरदार वारा सुटतो. नवशिक्याला बोट देत नाहीत अशा दिवशी, आणि दिली तर घेऊ नये.

ऑलिव्हची_फांदी · 1.38
आम्ही जूनमध्ये गेलो होतो. काही नव्हतं वारा-बिरा.

खिडकीजवळचा · 1.41
हॉटेलचे पैसे भरून झालेत हो, स्प्लिटचे. ग्रीस पुढच्या जन्मी. पण हे चांगलं सुचवलंत, स्प्लिटला अशी स्वतः चालवायची बोट मिळेल का? मला गाडी चालवायची सवय आहे.

शिडाचं_खूळ · 1.47
नाही. क्रोएशियात परवाना दाखवल्याशिवाय बोट भाड्याने देत नाहीत. ग्रीसची 30 हॉर्सपॉवरची आणि इटलीची 40 ची सवलत इथे लागू नाही. आणि समुद्रात ब्रेक नसतो. तो विचार सोडा.
आता मला सांगा, बोट कसली आहे? बाजूला रबराचे फुगवलेले नळे असलेली रिब, की केबिनवाली?

खिडकीजवळचा · 1.52
फोटोत रबराची कड दिसतेय. मागे दोन इंजिनं. भारी आहे दिसायला. का? काय फरक पडतो?

कोथिंबीरवडी · 1.55
आई-वडील भारतातून येणार असतील तर व्हिसाचं बघितलंत का? क्रोएशियाचा वेगळा काढावा लागतो. माझ्या नणंदेला विमानतळावरून परत पाठवलं होतं.

पेठकरी · 1.58
ताई, क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनच्या सामायिक व्हिसात आहे. त्याच दिवशी कुना जाऊन युरो आला. नणंदेची गोष्ट त्याआधीची असणार. आणि व्हिसाबद्दल कोणी विचारलेलंच नाही.

कोथिंबीरवडी · 2.01
सांगून ठेवलं. पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

शिडाचं_खूळ · 2.09
फरक पडतो तो असा. निळी गुहा बिशेवो बेटावर आहे, विस बेटाच्याही पलीकडे. स्प्लिटपासून एका बाजूने 60-70 किलोमीटर. रिबने दीड तास, तोही वेगात. ब्राच आणि शोल्टा या बेटांच्या मधून बाहेर पडेपर्यंत पाणी तसं शांत असतं. ह्वार मागे पडलं की विसपर्यंत मोकळा समुद्र. तिथे लाट असेल तर रिब पाण्यावर आपटत जाते. बसणाऱ्याच्या ढुंगणापासून मानेपर्यंत प्रत्येक आपट पोचते. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून माएस्त्राल वारा उठतो, म्हणजे परतीचा प्रवास सकाळपेक्षा खडतर. बहुतेक रिबवर शौचालय नसतं. सावलीही नावापुरतीच.
तुमचे सहा जण कोण कोण? वयं?

खिडकीजवळचा · 2.15
मी, बायको, दोन मुली (9 आणि 5), आई, बाबा. बाबा 71, पण ठणठणीत. रोज पर्वती चढतात.

मालवणी_माणूस · 2.20
माका काय कळना नाय, इतक्या लांब जावन तुमी गुहा कसली बघतास? आमच्या मालवणाक येवा. सिंधुदुर्ग किल्ल्याक होडी, तारकर्लीक डॉल्फिन, दुपारी सुरमयचा जेवाण. पण एक सांगतंय, दर्याचो भरवसो नाय, खयचोय असो. म्हाताऱ्यांक घेवन जाताना होडीवाल्याक आदी इचारा, "वारो कसो आसा?"

पेठकरी · 2.23
ऑगस्टमध्ये मालवणात होड्या बंद असतात ना हो? पावसाळा.

मालवणी_माणूस · 2.25
म्हणान तर नोव्हेंबरात येवा म्हणतंय.

अबोलीची_वेणी · 2.34
आम्ही गेल्या वर्षी हीच पाच बेटांची सहल केली, पण बारा जणांच्या सामायिक बोटीने. खरं सांगू? गुहेत पाच-दहा मिनिटं. बाहेर रांगेत सव्वा तास. तुमची बोट खासगी असली तरी आत जात नाही. गुहेच्या तोंडाची उंची जेमतेम दीड मीटर, म्हणून शेजारच्या खाडीत उतरून त्यांच्या छोट्या होडीत बसायचं, डोकी खाली घालायची आणि आत. तिकीट वेगळं काढावं लागतं. पोहायला बंदी. प्रकाश साधारण अकरा-बारालाच सर्वांत छान, म्हणून सगळे एकाच वेळी तिथे.
पण आतला तो निळा रंग! पाण्याखालच्या भोकातून ऊन आत येतं, तळाच्या पांढऱ्या दगडावरून उसळतं आणि हात पाण्यात घातला की रुपेरी दिसतो. माझा मुलगा बोलायचाच थांबला, ही बातमी आहे.

इतिहासाचा_किडा · 2.40
एक भर. आत जायचं हे तोंड नैसर्गिक नाही. बॅरन ओयगेन फॉन रान्सोने या ऑस्ट्रियन चित्रकाराने 1884 मध्ये सुरुंग लावून ते मोकळं करून घेतलं. त्याआधी बुडी मारूनच आत जावं लागे. आणि विसला जाताय तर तिथे 20 जुलै 1866 ला झालेली लढाई जरूर वाचा. टेगेटहॉफच्या ऑस्ट्रियन आरमाराने इटलीच्या मोठ्या आरमाराला हरवलं, तेही जहाजं सरळ शत्रूच्या जहाजांत घुसवून. लोखंडी चिलखताच्या जहाजांच्या ताफ्यांची पहिली मोठी लढाई. पुढे 1944 मध्ये युगोस्लाव्ह नेता टिटोचा मुक्काम याच बेटावरच्या गुहेत होता. नंतर युगोस्लाव्ह लष्कराचा तळ झाला आणि 1989 पर्यंत परदेशी माणसाला विसवर पाऊल टाकता येत नव्हतं. म्हणून तर ते बेट असं राहिलंय. आपल्याकडे कान्होजींच्या गलबतांनी

पेठकरी · 2.42
कान्होजींचा वेगळा धागा काढा, आम्ही येतो.

दोन_चहा_एक_खारी · 2.50
गुहा सोडा. निळं लगून बघा. स्प्लिटहून तासाभरात, लाट नाही, पाणी कमरेएवढं, मुलं दिवसभर डुंबतात. पाच वर्षांच्या मुलीला याहून वेगळं काय हवंय?

अबोलीची_वेणी · 2.53
तासाभरात?? आम्हाला गुहा झाल्यावर नेलं होतं, ते विसच्या बाजूला आहे. तिथपर्यंत जायचं म्हणजे तो मोकळा समुद्र पार करणं आलंच.

दोन_चहा_एक_खारी · 2.55
नाही हो, त्रोगिरच्या समोर आहे. मी दोनदा गेलोय.

अबोलीची_वेणी · 2.56
मीपण गेलेय, माझ्याकडे फोटो आहेत.

शिडाचं_खूळ · 3.04
दोघांचंही बरोबर आहे. लगूनं दोन आहेत, धंद्याचं नाव एकच. एक बुदिकोवात्स, विसच्या आग्नेयेला, पाच बेटांच्या सहलीत तेच असतं. दुसरं क्रक्न्याशी, द्रवेनिक वेली बेटाशेजारी, त्रोगिरजवळ. जाहिरातीत नुसतं निळं लगून लिहिलं असेल तर कोणतं ते विचारायचं. यावरून बंदरात भांडणं झालेली पाहिली आहेत.
धागाकर्ते, तुम्ही लिहिलेला "दोन कड्यांमधला बीच" म्हणजे स्तिनिवा. तिथे बोट आत सोडत नाहीत. बाहेर थांबायचं आणि त्या चिंचोळ्या फटीतून पोहत आत जायचं. आई-बाबांना पोहता येतं?

खिडकीजवळचा · 3.10
आईला अजिबात नाही. बाबा विहिरीत शिकलेत, पण डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी पोहणं बंद केलंय.

शिडाचं_खूळ · 3.11
का बंद केलंय?

खिडकीजवळचा · 3.16
मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. कमरेचं. पण आता काही त्रास नाही, लिहिलं ना वर, पर्वती चढतात.

पेठकरी · 3.17
आत्ता सांगताय!!

बारा_वाजले · 3.25
मी फिजिओ आहे. पर्वती चढणं वेगळं आणि दीड तास जाऊन दीड तास येताना बसल्या जागी आपट खाणं वेगळं. चढताना पाऊल आपण टाकतो. बोटीत आपट कधी येणार ते कळतच नाही, स्नायू सावरायच्या आत ती मणक्याला बसते. ऑपरेशन झालेल्या 71 वर्षांच्या माणसाला मी रिबवर बसवणार नाही. त्यांच्या सर्जनला आजच फोन करा. मी न तपासता यापुढे काही बोलणार नाही.

ऑलिव्हची_फांदी · 3.28
पट्टा बांधला की काही होत नाही. माझे सासरे 74 वर्षांचे, स्कूटर चालवतात.

बारा_वाजले · 3.29
स्कूटरला रस्ता असतो.

दोन_चहा_एक_खारी · 3.37
म्हणूनच म्हणत होतो. केबिन आणि शौचालय असलेली संथ बोट घ्या, क्रक्न्याशीला डुंबा, मग शोल्टावर मास्लिनित्सात जेवण, परत. बाबा सावलीत बसतील, धाकटी झोपेल. विस बघायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी मोठी फेरीबोट घ्या. सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, खुर्ची आहे, स्वच्छतागृह आहे, चहा मिळतो. विस गावातून बसने कोमिझा. तिथून बिशेवो जवळ आहे. ज्यांना गुहा बघायची ते बघतील, आजी-आजोबा धक्क्यावर आइस्क्रीम खातील.

कोथिंबीरवडी · 3.42
ऑगस्ट म्हणजे आईंचा श्रावण असेल ना? कोमिझाला पोगाचा मिळते, वरून टोमॅटो-कांद्याची भरलेली पोळीच दिसते. पण आत खारवलेले अँचोव्ही असतात. माझ्या जाऊबाईंनी अर्धी खाऊन विचारलं, हे खारट काय लागतंय? ब्लित्वा मागा, पालेभाजी आणि बटाटा, लसूण घातलेली. लसूण चालत नसेल तर दशम्या न्या. उलटीची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी द्या, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नसतो. लहान मुलीसाठी डॉक्टरांना विचारा.

पेठकरी · 3.45
ताईंनी पहिल्यांदा कामाचं सांगितलं. (जाऊबाईंना नमस्कार.)

खिडकीजवळचा · 3.58
बाबांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी फक्त "नाही" म्हटलं आणि दुसऱ्या पेशंटशी बोलायला लागले. ठीक. पण आता पैशांचं सांगा. मोठी रुसणार आहे, तिला गुहेचा व्हिडिओ दाखवून बसलोय. आणि बोटवाल्याला काय सांगू?

शिडाचं_खूळ · 4.09
सरळ लिहा की वयस्कर माणूस आहे, लांबचा पल्ला जमणार नाही, क्रक्न्याशी आणि शोल्टासाठी काय घ्याल. चांगला स्किपर यावर रागावत नाही. उलट त्याचं इंधन वाचतं. आमच्या पाच बेटांच्या दिवसात बोट 190 लिटर पेट्रोल प्यायली होती, म्हणून "इंधन वेगळं" हा शब्द मला खुपतो. भाव इंधनासकट लिहून घ्या. स्किपर, कर, बोट बांधायचं भाडं, सगळं आत की बाहेर तेही. दुसरं, हवा बिघडली तर जायचं की नाही हे स्किपरने ठरवायचं आणि पैसे परत की दुसरा दिवस, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी हवं. दक्षिणेकडून यूगो वारा सुटला की गुहा बंदच असते. पाच वर्षांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हाही प्रश्न विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.

अबोलीची_वेणी · 4.14
आणि पाण्यातले रबरी बूट न्या सगळ्यांसाठी. वाळू नसते, गोटे असतात, आणि गोट्यांत समुद्री साळिंदर. माझ्या टाचेत तीन काटे घुसले होते.

खिडकीजवळचा · 5.31
त्याच माणसाचं उत्तर आलं. केबिनवाली छोटी बोट त्याच्या मेव्हण्याची आहे म्हणे, शौचालय आहे, वर कापडी छत आहे. क्रक्न्याशी, मास्लिनित्सा, सकाळी नऊ ते पाच, 640 युरो इंधनासकट. हवा वाईट तर दुसरा दिवस नाहीतर पैसे परत, मेलमध्ये लिहून दिलंय. लहान जॅकेट आहे. भरले अर्धे पैसे. गुहेसाठी मी आणि मोठी एक दिवस फेरीने विसला जाऊ, ती आता फक्त माझ्यावर रुसली आहे, गुहेवर नाही.
सगळ्यांचे आभार. पेठकरींचेही.

मालवणी_माणूस · 5.40
नोव्हेंबरात येवा. बाबांक घेवन येवा.

खिडकीजवळचा · 18 दिवसांनी, रात्री 9.12
परत आलो. बोट छान होती. बाबा छताखाली बसून स्किपरला पर्वतीच्या पायऱ्या किती ते सांगत होते, त्याला किती कळलं माहीत नाही, पण त्याने नंतर त्यांना सुकाणू धरायला दिलं. आईने चक्क गुडघ्यापर्यंत पाण्यात पाय घातले. विसच्या दिवशी यूगो होता, गुहा बंद. मोठी आणि मी कोमिझाला पोगाचा खाल्ली. तिला आवडली. आईला सांगितलेलं नाही.

ऑलिव्हची_फांदी · 9.20
कॅप्रीलाही निळी गुहा आहे. इटलीत 40 हॉर्सपॉवरपर्यंत परवाना लागत नाही. पुढच्या वेळी स्वतः चालवा.